वांगणीहून लॉ स्कूलला जायचं तर

दहावीचा निकाल लागला की वांगणीतल्या घराघरांत एकच चर्चा असते: सायन्स की कॉमर्स? वकिलीचं नाव निघालंच, तर ‘आपल्यात कोण वकील आहे?’ एवढ्यावर विषय संपतो. तो इतक्यात संपवू नये.

बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पन्नास हजारांहून जास्त मुलं बसतात आणि जागा तीन हजारांच्या थोड्या वर. चुरस मोठी आहे, हे पालकांनी आधीच मान्य करावं. पण शाखेची अट नाही, वयाची नाही. बारावीला खुल्या गटात 45 टक्के पुरतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी राखीव जागाही आहेत. डोमिसाइलचा दाखला तेवढा वेळेत काढून ठेवावा.

खरी अडचण इंग्रजीची. दोन तासांत 120 प्रश्न, तेही उताऱ्यांवर, आणि चुकलं की पाव गुण जातो. कायदा मात्र पाठ करावा लागत नाही, नियम उताऱ्यातच असतो. समजा नियम असा: सापडलेली वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपावी. कर्जत लोकलमध्ये एकाला पिशवी सापडली. त्यानं ती घरी नेऊन अंगणात टाकली आणि पावसात आतली कागदपत्रं भिजली. जबाबदार कोण? मराठीत आठवीतलं पोरही उत्तर देईल. तेच साडेचारशे शब्दांच्या इंग्रजी उताऱ्यातून मिनिटभरात काढायला सराव लागतो. म्हणून अकरावीच्या क्लासची वाट न पाहता नववीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचावा.

वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं बरीच आहेत, लोकलमध्ये वस्तू विकून संसार चालवणारी. त्यांच्या घरातल्या दृष्टिहीन मुलांनी हे नक्की ऐकावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेला लेखनिक मिळतो. प्रा. शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेली ‘आयडिया’ ही संस्था वंचित आणि दिव्यांग मुलांची क्लॅटची तयारी करून घेते. आणि केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायाधीशपद नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 3 मार्च 2025 रोजी दिला आहे.

क्लॅट जमली नाही, तर राज्याची लॉ सीईटी आहे. ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय याच सीईटीतून मिळतं. 1855 पासूनचं हे कॉलेज; डॉ. आंबेडकर 1935 मध्ये तिथे प्राचार्य झाले. राष्ट्रीय विद्यापीठाचा वर्षाचा खर्च लाखांत जातो, इथली फी काही हजारांत भागते. आणि सुरुवात जवळच्या कोर्टातून झाली तरी वाट पुढे जाते: न्यायमूर्ती अभय ओक यांनी 1983 मध्ये वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या हाताखाली. 2021 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोचले.

पालकांनी एक तारीख मात्र चुकवू नये. क्लॅट बारावीच्या परीक्षेनंतर नसते. ती बारावीचं वर्ष चालू असताना, डिसेंबरातच होते, आणि अर्ज त्याआधी पावसाळ्यात सुटतात.