डीएनए जुळला, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

प्रश्न : खुनाच्या खटल्यात आरोपीचा डीएनए जुळला, तरी तो सुटू शकतो का?
– एक वाचक, दीपनगर (ता. भुसावळ)

उत्तर : हो, सुटू शकतो. डीएनए अहवाल हे कायद्याच्या भाषेत तज्ज्ञाचे मत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 नुसार (पूर्वीचे कलम 45) ते ग्राह्य धरले जाते. पण ग्राह्य म्हणजे निर्णायक नव्हे. नमुना कोणी, केव्हा घेतला, सील शाबूत होते का, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. ठाणे जिल्ह्यातील 2010 च्या एका बालिकेच्या खून खटल्यात फाशी झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निर्दोष सोडले. डीएनए अहवाल विरोधात होता. पण नमुने पाठवण्यातील विलंबाचा खुलासा नव्हता आणि भेसळीची शंका उरली होती.

जुलै 2025 मध्ये न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले : नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, उशीर झाल्यास कारण नोंदवावे आणि ताब्याची नोंदवही खटल्याच्या कागदपत्रांना जोडावी. म्हणून तुमचा संबंध आरोपीशी असो वा फिर्यादीशी, वकिलाला अहवालासोबत पंचनामा आणि ही नोंदवहीही तपासायला सांगा.