उत्तर आलं, पण ताळा?

परवा बार्शीहून एसटीने एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. आईंनी एका दमात तीन प्रश्न विचारले. क्लासवाले टेस्टिंगच्या कोर्सचे चाळीस हजार मागतात, भरू का? टेस्टिंग म्हणजे दुय्यम काम ना? आणि एआय आल्यावर ते तरी राहील का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली, कारण गोंधळ तिथेच आहे. दुसऱ्याने बनवलेलं ॲप वापरून त्यातल्या चुका शोधणं ही एक नोकरी आहे, आणि ती करणारी चांगली माणसं कंपन्यांना हवीच असतात. पण आपल्याच कोडच्या एकेका फंक्शनला तपासणारा कोड आपणच लिहायचा, याला युनिट टेस्ट म्हणतात. हा वेगळा हुद्दा नाही. डेव्हलपरच्या रोजच्या कामातलाच तो भाग आहे. शाळेत भागाकार झाला की गुणून ताळा करायचो, तसंच. फरक एवढाच, की हा ताळा एकदा लिहून ठेवला की कोडमध्ये कुठेही हात घातल्यावर संगणक सगळे ताळे काही सेकंदांत पुन्हा करून दाखवतो.

मुलाला म्हटलं, ज्या एसटीने आलास तिचंच तिकीट घे. ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं. फंक्शन लिही. त्याने पाच मिनिटांत लिहिलं. ४० वर्षांचा पुरुष, पूर्ण भाडं, बरोबर. ७० वर्षांचे आजोबा, अर्धं; तेही बरोबर. आता ७० वर्षांच्या आजी? त्याच्या कोडने आधी वयाची सवलत दिली, मग महिलेची. शंभराचं तिकीट पंचवीस रुपयांना!

पोरगं हुशार होतं. चूक गणितात नव्हती. ‘अशा आजी येतील’ हे त्याला सुचलंच नव्हतं. टेस्ट लिहायला बसलं की हे सुचायला लागतं. ६४, ६५, ७५, ७६ ही काठावरची वयं आधी घ्यायची. वय शून्य आलं तर? वयाचा रकाना रिकामा राहिला तर?

जावास्क्रिप्ट या भाषेत ही सवय जरा जास्तच लागते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, आणि तिचा स्वभाव आजही सैल आहे. फॉर्ममध्ये भरलेला आकडा तिच्याकडे अक्षरं म्हणून येतो. भाडं १००, त्यात आरक्षणाचे समजा ५ मिळवले, तर १०५ ऐवजी १००५ होतात. ५, १० आणि १०० नुसते सॉर्टला दिले तर क्रम येतो १०, १००, ५. दोन्हीकडे एररची एक ओळही दिसत नाही. टेस्ट असेल तरच लाल अक्षरांत ‘हवे होते १०५, मिळाले १००५’ असं उमटतं.

आता चाळीस हजार. भरू नका. संगणकावर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड फुकट मिळतं, आणि २०२३ च्या विसाव्या आवृत्तीपासून टेस्ट चालवायची पक्की सोय त्यातच आहे. टेस्टसाठी वेगळी साधनंही आहेत : बऱ्याच कंपन्यांत जेस्ट दिसेल, नव्या प्रोजेक्टांत व्हिटेस्ट. एक नीट आलं की दुसरं आठवड्यात जमतं. दिवाळीच्या सुट्टीत एक छोटा प्रोजेक्ट करावा, टेस्टसकट गिटहबवर टाकावा, आणि कोड चढवला की टेस्ट आपोआप चालतील अशी व्यवस्था करावी. मुलाखतीत अमुक टेस्ट का लिहिली, हे सांगता आलं पाहिजे. ‘शंभर टक्के कव्हरेज’चं, म्हणजे टेस्ट चालताना कोडची प्रत्येक ओळ चालल्याचं, कौतुक मला फारसं नाही. काहीच न तपासणारी टेस्टही ओळींवरून धावते आणि कव्हरेज वाढवते.

एआयचं म्हणाल तर टेस्ट ते भराभर लिहितं, मीही लिहून घेतो. पण नुसता कोड पुढे ठेवून टेस्ट मागितल्या, तर कोड जे करतोय तेच बरोबर धरून टेस्ट येण्याचा धोका असतो. म्हणजे आजींचे पंचवीस रुपयेही हिरव्या खुणेसह पास! पंचवीस चूक आहेत हे ज्याला कळतं, त्याचं काम राहतं. नोकरीची हमी मात्र मी कुणालाच देत नाही, या आईंनाही दिली नाही.

मुलाला शेवटी विचारलं, आजींच्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर काय लिहिशील? त्याने लॅपटॉपकडे पाहिलं नाही, आईकडे वळला. “आई, आपल्या आजीचं तिकीट कंडक्टर कसं काढतो गं?”

“अर्धंच. आजोबांना मात्र वयासाठी कार्ड दाखवावं लागतं. मागच्या खेपेला त्यांचं आधार घरी राहिलं, तर कंडक्टर वाद घालत बसला.”

त्याने वहीत आणखी एक ओळ लिहिली : कार्ड नसेल तर?