तपकिरी ठिपक्यांनी शिकवलेलं

टिटवाळ्याहून लोकलने परळ गाठायचं आणि दिवसभर पॅथॉलॉजीत गाठींचे काप लावलेल्या काचा रंगवायच्या, यात माझी उमेदीची सगळी वर्षं सरली. त्यातले हे अनुभवाचे बोल.

१. गडद रंग दिसला की प्रथिन जोरात काम करतंय, असं समजू नये. पी-५३ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन; ते जिथे असेल तिथे काचेवर तपकिरी रंग उठतो. निरोगी पेशीत ते बनतं आणि लगेच मोडलं जातं, म्हणून काचेवर इथेतिथे फिकट तपकिरी ठिपके उठतात. त्याला मोडायला लावणारं एमडीएम-२ हे प्रथिन बनवायचा हुकूमही पी-५३च देतं. पी-५३च्या जनुकात बिघाड झाला की हुकूम सुटत नाही, निकामी प्रथिन साचत जातं आणि गाठीतलं जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी दिसतं.

२. एकही ठिपका नसला तरी निर्धास्त होऊ नये. काही बिघाडांत प्रथिन बनतच नाही. शेजारच्या निरोगी पेशींत रंग उठलाय का, ते आधी बघायचं. नसेल तर काच पुन्हा रंगवायची.

३. पेशीचं मरण हेही शरीराचं कामच आहे. डीएनएला इजा झाली की पी-५३ आधी पी-२१चं जनुक चालू करून पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरणाकडे नेणाऱ्या प्युमा, बॅक्स या प्रथिनांची जनुकं चालू करतं. मग पेशी आकसते, केंद्रकाचे गडद निळे गोळे होतात आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. हे काचेवर पाहिलं की मला आजही भरून येतं. १९७९ मध्ये सापडलेल्या पी-५३ला शास्त्रज्ञ दहा वर्षं कॅन्सर वाढवणारं समजत होते. प्रयोगांत बिघडलेल्या प्रती होत्या, हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं.

४. मशेरी लावणाऱ्या बायका कसारा गाडीत नेहमी भेटत. मशेरीच्या तंबाखूतली रसायनं डीएनएलाच चिकटतात. तोंडाच्या गाठींत पी-५३ बिघडलेलं वारंवार आढळतं.

५. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पी-५३चं जनुक बहुधा धड असतं; एचपीव्ही विषाणूचं ई-६ प्रथिन पी-५३ मोडून टाकतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापून आलं.

बायांनो, तिशी उलटली असेल तर ही तपासणी करून घ्या, आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या एचपीव्ही लशीचंही त्याच खेपेला डॉक्टरांना विचारा.