बुवाचा गळा आणि मोबाइलमधला तंबोरा

पोरा, अष्टमी गावापासून पेणपर्यंत तुला भजनाची बोलावणी येऊ लागली, लोक बुवा म्हणू लागले, बरं वाटलं. पण धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून लगेच दुसऱ्या रात्री जागराला बसतोस, ते मला पटत नाही. गळ्याला झोप हवी असते. पाळीच्या आठवड्यात कोरसात बस, टाळ धर. बुवापण कुठं पळून जात नाही.

पट्टी आपलीच घे. काळी एकला तुझा आवाज मोकळा लागतो. समोरचा बुवा पांढरी चारला गायला म्हणून तूही चढलास तर वर नुसतं ओरडणं होतं, आणि माइक ते ओरडणंच मोठं करतो.

सकाळी खर्ज लाव. सारखं खाकरू नकोस, घोटभर पाणी पी. आवाज बसला तर कुजबुजूही नकोस, त्यानंही ताण पडतो, गप्पच बस. ज्येष्ठमध चघळायचं तर चघळ, पण तीन आठवडे घोगरेपणा टिकला तर काढे बंद कर आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव. कलावंतानं डॉक्टरला लाजायचं नसतं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षय घेऊन देवासला गेले, तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं, ते त्यांना लागू पडलं. एक फुप्फुस निकामी झालेलं, तरी १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीला बसले. मधली वर्षं अंथरुणात गेली, पण माळव्यातली लोकगीतं त्यांनी कान लावून ऐकली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग बांधले. तुझा घसा बसेल तेव्हा रील बघत लोळण्यापेक्षा जुन्या बुवांची रेकॉर्डिंगं ऐक.

मोबाइलमधल्या तंबोऱ्याला माझी ना नाही. खरा तंबोरा दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीच्या गर्दीतून न्यायचा म्हणजे भोपळा जपताना जीव जायचा. फक्त फोनच्या इवल्या स्पीकरवर लावू नकोस, खर्ज त्यातून उमटतच नाही. बऱ्याशा स्पीकरला जोड आणि खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप कानी येतो का, ते ऐकत बस. पेटीचा गंधार त्याहून थोडा चढा असतो. पेटीच्या बांधीव सुरांवरून जुनं भांडण आहे. आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं तिला दारात उभी केली नव्हती. भजनाला पेटी हवीच, माझं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं. पण सूर दाखवणारी बहुतेक ॲपं पेटीच्याच मापानं हिरवा दिवा लावतात. तंबोऱ्याशी गंधार जुळला असेल आणि दिवा लाल असेल, तर फोन उलटा ठेव.

ठेक्याचा रियाज बिनतारी इयरफोन घालून करू नकोस. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. ऐकायला चालतं, पण पखवाज वाजवणाऱ्याचा हात कळत नकळत मागं पडू लागतो. वायरवाला घे, तोही हळू. ऐंशी डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास कानाला सोसतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. मग धावीर महाराजांच्या उत्सवात डीजेच्या भिंतीला टेकून नाचणाऱ्यांचं काय होत असेल? तू लांब उभा राहा.

स्वतःचं रेकॉर्डिंग कर, पण फोन चार हात लांब ठेव आणि त्याच रात्री ऐकू नकोस. गाण्याची धुंदी असते तोवर सगळंच गोड लागतं. दुसऱ्या दिवशी ऐकलंस की श्वास कुठं तुटला आणि कडव्याच्या शेवटी सूर कुठं उतरला, ते कळतं. ग्रुपवर टाकायची घाई करू नकोस.

आता पावसाळ्याचं. कुंडलिकेकाठची हवा तुला ठाऊक आहे, पखवाज उतरतो आणि पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. पखवाज प्लॅस्टिकमध्ये कोंबू नकोस, सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेव. घाईनं शेगडीजवळही धरू नकोस, शाई तडकते. भजनाच्या जागी तासभर आधी पोचव, तिथली हवा त्याला लागू दे, मगच हातोडी उचल. आणि भजन संपलं की कितीही उशीर झालेला असो, डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढ. राहिली तर रात्रीत झुरळं पुडीच खातात.