कोळसा वास नेतो, रोग नेत नाही

तीन मडक्यांची गाळणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. घडवंचीवर एकावर एक मडकी ठेवतात. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात कोळसा आणि खालच्यात गाळलेलं पाणी. गढूळ पाणी वरून ओतलं की खाली स्वच्छ होऊन उतरतं.

एका गावात आम्ही अशी गाळणी दाखवली. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पाणी कसं काचेवानी झालंया! आता सरपण जाळून उकळायचं कशापायी?"

आजींचा प्रश्न रास्त होता. सरपण का फुकट मिळतं? पण या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर घरातल्या लेकराला हगवण लागते. म्हणून आज आपण कोळशाचे गुण आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही नीट समजून घेऊ.

कोळसा काय करतो?

गवतातून चालताना धोतराला कुसळं चिकटतात. तसाच पाण्यातला वास, रंग आणि काही औषधी द्रव्यं कोळशाच्या अंगाला चिकटून बसतात. पाणी पुढं जातं, घाण मागं राहते. रशियात लोविट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1785 साली कोळशाचा हा गुण ओळखला. पुढं कारखान्यांत साखरेचा रस गोरा करायला कोळसा वापरू लागले.

जितकी जागा जास्त, तितकी घाण जास्त चिकटते. म्हणून कारखान्यात खास कोळसा बनवतात. नारळाच्या करवंट्या, लाकूड किंवा दगडी कोळसा घेतात. तो हवा न लागू देता भाजतात. मग 800 ते 1000 अंश सेल्सिअस उष्णतेत त्यावर वाफ सोडतात. त्यानं कोळशाच्या आत असंख्य बारीक छिद्रं पडतात. याला सक्रिय कोळसा म्हणतात. त्याचे दाणे जाड रव्यापासून बाजरीएवढे असतात.

ही छिद्रं किती असतील? एक ग्रॅम कोळसा म्हणजे लहान चमच्याच्या निम्म्याहून कमी. पण त्याच्या आतल्या सगळ्या भिंती पसरल्या, तर सुमारे 1000 चौरस मीटर जागा भरते. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! चुलीतल्या कोळशाला ही सर येत नाही.

भिंतीवर टांगायचं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र आता गावांतही दिसतं. त्यातल्या बहुतेक यंत्रांत एका नळीत हाच कोळसा असतो.

कोळशाला काय जमत नाही?

पटकीचे, हगवणीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तरी ते कोळशाच्या बहुतेक छिद्रांपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते आत शिरत नाहीत. दाण्यादाण्यांमधली वाट मात्र त्यांना हमरस्त्यासारखी मोकळी असते. तिथून ते सरळ खालच्या मडक्यात उतरतात. पाणी काचेसारखं दिसतं आणि रोग त्यात तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट आहे. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो, पण त्याचा वास पुष्कळांना आवडत नाही. कोळसा हा वास झटकन काढतो. म्हणजे काय होतं? पाण्याचा राखणदारच निघून जातो! मग ओल्या कोळशावर जंतू घर करतात आणि वाढतात.

कोळशाला खारेपणा काढता येत नाही. चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड असतं. त्यानं दात आणि हाडं बिघडतात. तेही साध्या कोळशानं पुरेसं निघत नाही, आणि उकळूनही जात नाही. तिथं पाणी तपासून दुसरा उपाय करावा लागतो.

शिवाय कणगी भरली की आणखी दाणा मावत नाही. कोळशाचंही तसंच. ठरल्या मुदतीला तो बदलावाच लागतो.

हवेतही तेच

22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. विषारी वायू कोळशात अडकला आणि सैनिकांचे प्राण वाचले.

शेतकऱ्यालाही हे कळायला हवं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली आणि माणसं दगावली. तोंडाला बांधलेला रुमाल विषाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाचा योग्य मुखवटा लागतो. अंगावर पूर्ण कपडे आणि हातमोजेही लागतात, कारण विष कातडीतूनही शिरतं.

मात्र जुनी विहीर, धान्याचं पेव किंवा मैल्याची टाकी यांत कोळशाचा मुखवटा लावून कधीही उतरू नका. तिथं प्राणवायूच कमी असतो. कोळसा हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. आत कोणी पडला तर त्याच्यामागं उडी घेऊ नका. आधी मदत बोलवा.

मग पाणी कसं प्यावं?

आधी पाणी निवळू द्या आणि गाळून घ्या. कोळशाची गाळणी असेल तर त्यातून काढा. त्यानंतर ते उकळा. खळखळ उकळी आली की निदान एक मिनिट तसंच राहू द्या. उकळणं जमत नसेल, तर आरोग्यसेविकेला विचारून क्लोरीनचं औषध बेतानं घाला आणि अर्धा तास थांबा. हा क्रम उलटा करू नका. क्लोरीन घातलेलं पाणी पुन्हा कोळशातून काढू नका. पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्यानं घ्या.

त्या आजींनाही आम्ही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी कोळसा पाण्याचं तोंड धुतो, पोट न्हाई!" आम्हाला याहून सोपं सांगता आलं नसतं.

प्रश्न

1. कोळशातून गाळलेलं पाणी उकळायचं कशासाठी?
2. क्लोरीन कोळशाच्या आधी घालावा की नंतर?
3. कोळशाचा मुखवटा लावून पेवात का उतरू नये?