तास किती झाले?

गेल्या उन्हाळ्यात दोंडाईच्याला एका लग्नात मी डावी भुवई पेन्सिलने रंगवून गेले होते. धाकट्या लेकीचा थ्रेडिंगवर हात बसायचा होता आणि घरात मॉडेल व्हायला माझ्याशिवाय कोणी तयार नव्हतं. स्वतःच्या पोटरीवर पेनाने भुवई काढून तिथला सराव तिने संपवला होता. मग दोऱ्याचं एक टोक दातात, मधला पीळ बोटांत, आणि "मम्मी, हलू नको गं." मी हलले.

तिचं लग्न ठरलंय. मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये. "तिकडे नुसतं घरी बसण्यापेक्षा हातात काहीतरी असू दे," म्हणत आम्हीच तिला ब्युटी पार्लरच्या कोर्सला घातलं. खरं तर बारावीनंतर हे तिनेच मागितलं होतं. तेव्हा "आधी ग्रॅज्युएशन कर, पार्लर काय, कधीही शिकता येतं" म्हणून तिला गप्प केलं तेही आम्हीच. 'पार्लर' हा शब्द मी तेव्हा कोणत्या सुरात म्हणाले होते, ते तिला अजून आठवतं. मला आठवत नाही असं मी दाखवते.

धुळ्यात क्लास निवडताना आम्ही काय विचारलं? फी किती, हप्ते पाडून देता का, बॅचला सगळ्या मुलीच आहेत ना, परतीची एसटी किती वाजता. आपण सगळेच हे विचारतो. अंधार पडायच्या आत पोरगी घरात हवी, यात चूक काय?

सुरतचाही पर्याय होता, माझा भाऊ तिथे उधन्यात राहतो. निम्मा खानदेश तिथेच आहे म्हणा ना. शिंदखेड्याहून गाडी थेट जाते, तिथे क्लास मोठे, गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. पण लग्नाआधीचे चार-सहा महिने आंडेर, म्हणजे लेक, डोळ्यांसमोर असावी असं मला वाटत होतं. ते मी बोलले नाही. "सुरतला फार गर्दी बाई," एवढंच म्हणाले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, धुळंच बरं." आम्ही खूश, पोरगी किती समजूतदार! तिने निवड केलीच नव्हती, आईला सांभाळून घेतलं होतं, हे कळायला मला चार महिने लागले.

ते कळलं एका फोनमुळे. कोर्स संपला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं, फोटो पाठवला. तिकडून होणाऱ्या जावयांनी विचारलं, "यावर तास किती लिहिलेत?"

तास? कालावधी तीन महिने, एवढंच होतं. आणि पासपोर्टावरच्या नावातलं एक अक्षर सर्टिफिकेटवर गायब.

मग त्या पोराने समजावलं. अमेरिकेत हे काम सहसा लायसन्सशिवाय करता येत नाही आणि ते लायसन्स देतं प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने. टेक्सासात केसांपासून त्वचेपर्यंत सगळ्या कामाला 1000 तासांचं शिक्षण लागतं, फक्त त्वचेच्या कामाला 750. कॅलिफोर्नियात पूर्वी 1600 तास लागायचे, 2022 पासून 1000 झाले. आपल्याकडचे तास धरायचे की नाही, ते त्या राज्याने ठरवायचं. पण धरा म्हणायला तरी कोणता विषय किती तास शिकवला, असा संस्थेच्या सहीशिक्क्याचा कागद हवा ना!

त्याने एक गंमतही सांगितली. टेक्सासात नुसत्या दोऱ्याने भुवया करणाऱ्यांनाही 750 तासांची अट होती. आपल्याकडच्याच लोकांनी कोर्टात भांडून 2015 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टातून ती काढून घेतली. म्हणजे ज्या दोऱ्याने माझी भुवई गेली, त्याला तिथे लायसन्सची गरज नाही. मला उगाच बरं वाटलं.

पण त्याहून मोठी गोष्ट निराळीच होती. ही जाणार एच-4 व्हिसावर, नवऱ्याच्या मागे. त्या व्हिसावर शिकता येतं, पण वेगळी परवानगी मिळेपर्यंत कमावता येत नाही. आणि ती परवानगी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढे सरकल्यावरच. मी सर्टिफिकेट हातात धरून बसले होते, आणि पोरगी पलंगाच्या कडेला गप्प. रागावली असती तर बरं झालं असतं.

रात्री भांडी आवरताना तीच बोलली. "मम्मी, मला पैशांचं नाही गं. तिथे माझ्या ओळखीचं कोणीच नसणार. हातात काही असलं ना, की बायका बोलतात आपल्याशी."

फी, एसटी, तास, व्हिसा, सगळं विचारून झालं होतं आमचं. तिला हे कशासाठी हवंय, तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी असं काही शिजत असेल तर एवढंच म्हणेन, क्लासच्या पाटीआधी देश बघा. "फॉरेनला चालेल ना?" असं आपण विचारतो आणि समोरची मॅडम "हो हो" म्हणते. पण फॉरेन म्हणजे काही एक गाव नाही. इंग्लंडमध्ये ब्युटीशियनला सरकारी लायसन्सची सक्ती नाही, पण मालक आणि इन्शुरन्सवाले शिक्षणाचे कागद बघतात. कॅनडात ओंटारियोला केस कापायचे तर सरकारी नोंदणी हवीच. दुबईला कागदांवर वकिलातीपर्यंतचे शिक्के लागतात, अमेरिकेला अपॉस्टिल चालतं.

'इंटरनॅशनल' शब्दाला तर मी भुललेच होते. एका ठिकाणी त्या एका शब्दाचे दीड लाख सांगितले. इंटरनॅशनल म्हणजे कोणाचं, हे विचारायचं असतं. सिडेस्को ही 1946 पासूनची संस्था, मुख्यालय स्वित्झर्लंडला. सिबटॅक, आयटेक इंग्लंडच्या. यांची नावं स्पा-सलूनवाले ओळखतात, पण त्यांचा डिप्लोमा म्हणजेही अमेरिकेचं लायसन्स नव्हे. आपल्या आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आम्हाला साधा वाटला म्हणून आम्ही पाहिलाही नाही. त्याचा कागद सरकारी, अभ्यासक्रम छापील.

आणि एकदा क्लासमध्ये तासभर नुसतं बसून बघा. मी बसले, उशिरा का होईना. वॅक्सच्या डब्यात बुडवलेली लाकडी पट्टी एका बाईच्या हातावरून फिरली की तीच परत डब्यात, मग दुसरीच्या हातावर. आपल्याला त्यात काही वाटत नाही. तिकडे हे चालत नाही, पट्टी एकदा बुडवली की कचऱ्यात. "थिअरी घरी वाचून घ्या" असं आमच्या मॅडम म्हणायच्या, आणि तिकडच्या लेखी परीक्षेत याच थिअरीचे प्रश्न, तेही इंग्रजीत.

शेवटी पोरीनेच ठरवलं. लायसन्सचं शिक्षण तिकडच्या कॉलेजात घेईन, इथे हात बसवते आणि इंग्रजी सुधारते. केसांचं काम तिला मनापासून आवडतं, हेही मला तेव्हाच कळलं. गेल्या महिन्यात तिला सुरतच्या गाडीत बसवलं. सोबत बिबडे आणि मामासाठी वांगी. तिचे पप्पा गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे. मी मात्र तिथे रडले नाही, घरी येऊन रडले.

रोज रात्री फोन येतो. काल म्हणाली, दिवसभर केस धुऊन बोटं सुरकुतली. लग्नाला दोन महिने उरलेत, घरी कधी येतेस हे ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "एकूण तास किती झाले गं?"

"एकशेदहा," ती हसत म्हणाली. "लिहून घेतेय मी."