आधी काच सांभाळ

बाय, ताळगावच्या पठारावर विद्यापीठात लिक्विड क्रिस्टलचा प्रोजेक्ट घेतलास, बरं केलंस. आता माझं ऐक. द्रवाकडे मागाहून बघ, आधी काच सांभाळ. तुझ्या ५सीबी या लिक्विड क्रिस्टलचे लांबट रेणू एकमेकांना समांतर राहतात खरे, पण कोणत्या दिशेला, हे काच ठरवते. पेडण्यात तरव्याची पहिली ओळ दोरीने लावली की बाकीच्या तिच्यामागून सरळ येतात, तसा काचेलगतचा थर कित्येक मायक्रॉन द्रवाला वळण लावतो. १९११ साली शार्ल मोगँने काच नुसत्या कागदाने घासली, तेवढ्यावर रेणू त्या दिशेत लागले. स्क्रीनच्या कारखान्यात पॉलिइमाइडवर मखमलीचा रूळ फिरवतात, तेही हेच.

पणजीच्या पावसात काचेवर ओल बसते, डोळ्यांना दिसत नाही. धुतलेली काच ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या वर सुकव, मग डेसिकेटरमध्ये ठेव. आतलं निळं सिलिका जेल गुलाबी झालं की भाजून घे. काचेवर आपण देतो तो पीव्हीएचा थर पाण्यात विरघळणारा, त्याला दमट हवा मुळीच सोसत नाही.

घासण्याच्या दिशेचा बाण हिऱ्याच्या पेनने काचेच्या मागच्या बाजूला, थर देण्याआधीच कोर. नंतर कोरलास तर काचेची कणी थरावर पडते. मखमल एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढ. मागे-पुढे केलंस तर रेणूंचा जो थोडा कल पृष्ठभागाशी असतो, तो कुठे इकडे, कुठे तिकडे होतो आणि व्होल्टेज दिल्यावर मधे रेषा उमटतात. काचा जोडताना बाण एकमेकांच्या उलट ठेव. पीळ हवा असेल तर काटकोनात.

भरताना ५सीबी चाळीस अंशांवर ने. पस्तिसाच्या वर ते साधा द्रव होतं आणि दोन काचांमधल्या फटीत आपसूक ओढलं जातं. मग सावकाश निवव, म्हणजे वाहण्याची खूण राहत नाही. मे महिन्यात एसी बंद पडून नमुना पाण्यासारखा स्वच्छ झाला तर आधी थर्मामीटर बघ.

काटकोनात ठेवलेल्या पोलरायझरांमध्ये काचा जोडून झालेला बिनपिळाचा सेल फिरवून पाहा. दर ४५ अंशांना उजेड-काळोख आलटून पालटून आला आणि काळोख गडद असला तर मांडणी जमली. पीव्हीएऐवजी लेसिथिन लावलंस तर रेणू काचेवर ताठ उभे राहतात आणि कितीही फिरवलंस तरी अंधारच दिसतो. सेल वाया गेला म्हणून टाकू नकोस हां. बोटाने काच हलकेच दाब, क्षणभर उजेड चमकून जाईल.